करणारीच आजारी पडते तेव्हा

सासऱ्यांची रक्तदाबाची गोळी सकाळची की रात्रीची, धाकट्याला कोणतं औषध चालत नाही, गॅसचं कार्ड कुठल्या डब्यात आहे, कामाच्या मावशींचे या महिन्यात किती खाडे झाले, ही सगळी माहिती बहुतेक घरांत एकाच बाईकडे असते आणि ती कुठेही लिहिलेली नसते. घरात कुणी आजारी पडलं की उशाशी बसणारीही तीच. स्तनाचा कर्करोग गाठतो तो नेमका तिला. भारतीय स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत तो आज पहिल्या क्रमांकावर आहे. २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांचा अंदाज होता. पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे तो साधारण दहा वर्षं लवकर, चाळिशी-पन्नाशीतच येतो. मुलं दहावी-बारावीला, सासू-सासरे थकत आलेले, घराचे हप्ते चालू, असं ते वय. पुरुषांनाही हा आजार होतो, शंभरातला एखादा रुग्ण पुरुष असतो. पण त्याचं करायला सहसा घरात बाई असते. म्हणून हा लेख लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर नवरे आणि मुलगे जास्त आहेत, आणि त्यांच्या मागोमाग मुली, सुना, जावा, नणंदा.

मला विचाराल तर तयारीची सुरुवात आजाराच्या माहितीपासून करू नये, घराच्या माहितीपासून करावी. एक दोनशे पानी वही घ्या आणि तिच्याशेजारी बसून विचारा. किराणा कुठून येतो, कुणाची औषधं कधी संपतात, शाळेची फी कधी भरायची, पाणी किती वाजता येतं. लिहायचं तुम्ही, तिला लिहायला बसवू नका. दोन संध्याकाळी हे काम होतं, आणि यात आपल्याला काय काय येत नाही हेही घरच्यांना कळतं. नवऱ्याला कुकर लावता येत नसेल तर तो आत्ता, पहिल्या केमोच्या आधी शिकायचा. सलाइन लावून आलेल्या बाईला पलंगावरून 'दोन शिट्ट्यांनी बंद करा' असं ओरडून सांगायला लागू नये.

मग कामं वाटून घ्यायची. रुग्णालय, फाईल, पैसे आणि डॉक्टरांशी बोलणं एकाकडे. घर आणि स्वयंपाक दुसऱ्याकडे. रात्रीची सोबत तिसऱ्याकडे. आणि फोनला उत्तरं देणं चौथ्याकडे, कारण हे काम वाटतं त्याहून फार मोठं असतं. एवढी माणसं घरात नसतात हे खरं. मग शेजारीण, मैत्रीण, चुलतभाऊ यांना नेमून काम द्या. 'काही लागलं तर सांगा' असं म्हणणाऱ्याला लगेच सांगून टाकावं, 'मंगळवारी आणि शुक्रवारी मुलीला क्लासहून आणायचं आहे, जमेल?' लोकांना मदत करायची असते, काय करायचं ते कळत नसतं. एक गोष्ट मात्र करू नका. थोरल्या मुलीचं कॉलेज थांबवून तिला घरी बसवू नका. हा मार्ग सगळ्यांना सोपा वाटतो आणि आजारी आईला तो सगळ्यांत जास्त टोचतो. उपचार सहा महिन्यांपासून वर्षभर चालू शकतात, काहींचे त्याहूनही जास्त. तेवढ्यात मुलीचं एक वर्ष गेलेलं असतं.

तिला सांगायचं की नाही

हा प्रश्न अजूनही घराघरांत विचारला जातो. डॉक्टरांच्या दारातच मुलगा पुढे होऊन सांगतो, 'आईला काही बोलू नका.' आई त्या वेळी 'कॅन्सर' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या पाटीखालून चालत आत आलेली असते. तिला कळलेलं असतं. फक्त आता ती तुमच्यासमोर रडू शकत नाही, प्रश्न विचारू शकत नाही, कारण तुम्हाला वाटतंय की तिला ठाऊक नाही. संमतिपत्रावर सही तिची लागते. औषध तिच्या शिरेत जाणार आहे. सांगावं, साध्या शब्दांत, आणि एका बैठकीत सगळं सांगायचा हट्ट धरू नये. ती जेवढं विचारेल तेवढं सांगा आणि पुढचं विचारायला दार उघडं ठेवा.

मुलांनाही सांगावं. आठ-दहा वर्षांच्या मुलाला 'आईच्या छातीत गाठ आली आहे, त्यासाठी कडक औषध देणार आहेत, त्या औषधाने केस जातील आणि मग परत येतील' एवढं पुरतं. दोन गोष्टी आवर्जून सांगा: हा आजार तू त्रास दिलास म्हणून झालेला नाही, आणि आईला मिठी मारली तरी तो तुला होणार नाही. लहान मुलांच्या मनात या दोन शंका हमखास असतात आणि ती त्या कधीच उघड विचारत नाहीत.

रिपोर्ट, फाईल, पैसे

तुकडा तपासल्यावर, म्हणजे बायोप्सीनंतर, आणखी तपासण्या होतात. ईआर, पीआर आणि हर-टू ही अक्षरं त्या रिपोर्टमध्ये असतात. गाठीची वाढ स्त्रीसंप्रेरकांवर होते का, आणि हर-टू नावाचं प्रथिन तिच्यात जास्त आहे का, हे त्यावरून कळतं आणि पुढचे उपचार त्यावरच ठरतात. म्हणून शेजारणीच्या बहिणीला चार केमो झाल्या आणि आपल्या बाईला आठ सांगितल्या, याचा अर्थ आपला आजार दुप्पट मोठा असा नसतो. कधी आधी केमो आणि नंतर शस्त्रक्रिया असा क्रम ठरतो. 'गाठ आत ठेवून औषध कसलं देताय?' असं घरचे चिडून विचारतात. गाठ आधी लहान करून घेतली तर कधी पूर्ण स्तन काढावा लागत नाही, आणि औषध लागू पडतंय का हेही दिसतं. रिपोर्टसाठी आठ-पंधरा दिवस थांबणं म्हणजे वेळ वाया घालवणं नव्हे. वेळ वाया जातो तो 'आधी तीन महिने त्या वैदूचं औषध करून बघू' म्हणण्यात.

फाईलमध्ये कागद तारखेप्रमाणे लावा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर नुसता कागद पुरत नाही, बायोप्सीचे ब्लॉक आणि काचपट्ट्या मागून घ्याव्या लागतात; ते तुमचेच असतात. डॉक्टरांकडे जाताना प्रश्न लिहून न्या आणि आत बोलणारा एकच ठेवा. चार नातेवाईक एकदम बोलू लागले की डॉक्टर आवरतं घेतात. काही प्रश्न विचारलेच पाहिजेत: उपचारांचा उद्देश काय, एकूण किती महिने, एकूण खर्च किती, आणि रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा. बाई तरुण असेल आणि मूल हवं असेल तर केमो सुरू होण्याआधीच तो विषय काढा. नंतर काढून उपयोग होत नाही. डॉक्टर तो दर वेळी स्वतःहून काढतीलच असं नाही आणि घरातल्या थोरांसमोर ती तो काढू शकत नाही.

खर्चासाठी दागिने मोडण्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. योजनेत असलेल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतात, त्यांना रेशनकार्ड आणि आधार कार्ड दाखवा. मंजुरी उपचारांच्या आधी घ्यावी लागते. पैसे भरून मोकळे झालात आणि मग योजना आठवली तर ते परत मिळत नाहीत. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, तिथल्या समाजसेवा विभागात विचारा. उपचारांसाठी रेल्वेने जाताना कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि तृतीय वातानुकूलित वर्गात भाड्यात पूर्ण सवलत असते, सोबत्याला ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाचा सही-शिक्क्याचा ठरलेला फॉर्म लागतो.

आणि मुंबई. परळचं टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे आणि महाराष्ट्रातल्या माणसाला कर्करोग म्हटलं की तेच आठवतं. तिथे जाणार असाल तर राहण्याची सोय आधी बघा. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी आजवर हजारो कुटुंबांना आसरा दिलेला आहे. जागा मर्यादित असते आणि रुग्णालयाचे कागद सोबत लागतात. पण सगळेच उपचार मुंबईत घेतले पाहिजेत असं नाही. बार्शी, मिरज, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे कर्करोगाची रुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला सोय आहे. आराखडा मुंबईत ठरवून केमो घराजवळ घेता येईल का, हे तिथल्या डॉक्टरांनाच विचारा. दर तीन आठवड्यांनी बारा तासांचा प्रवास करून आलेल्या बाईला बघणारेही तेवढेच दमतात, आणि ज्या आठवड्यात ताप येण्याचा धोका असतो त्या आठवड्यात ती आपल्या गावी असते, मोठ्या रुग्णालयापासून लांब.

शस्त्रक्रियेनंतर: नळी, हात आणि बांगड्या

काखेतल्या गाठी काढल्या असतील तर बाई बहुधा ड्रेन घेऊनच घरी येते. जखमेतून एक प्लॅस्टिकची नळी निघते आणि तिच्या टोकाला दाबलेला डबा किंवा फुगा असतो, त्यात पाणी साठतं. घरच्यांना पहिल्या दिवशी त्याची भीती वाटते आणि तिसऱ्या दिवशी त्याची सवय होते. रोज एकाच वेळी साबणाने हात धुऊन बूच उघडायचं, साठलेलं पाणी मापाच्या भांड्यात ओतायचं, किती मिलिलिटर ते वहीत लिहायचं, मग डबा हाताने पूर्ण दाबून हवा काढायची आणि दाबलेला असतानाच बूच लावायचं. तो दाबलेला राहिला तरच आतलं पाणी ओढलं जातं. फुगून बसला तर नुसता लटकत राहतो. पहिले एक-दोन दिवस रंग लाल, मग गुलाबी, मग पिवळसर होत जातो. चोवीस तासांतलं पाणी साधारण ३० मिलिलिटरच्या खाली आलं की डॉक्टर नळी काढायचा विचार करतात, त्यामुळे तुमची वही तिथे खरोखर वाचली जाते. साताऱ्याकडच्या एका शेतकरी गृहस्थांनी बायकोचा ड्रेन असा मोजला होता की नर्सबाईंनी ती वही दुसऱ्या रुग्णांच्या घरच्यांना दाखवली. रोज डेअरीवर दूध घालणारा माणूस, मापाची रेघ डोळ्यांच्या पातळीला आणून बघण्याची सवय त्याला होतीच.

डबा लोंबकळू देऊ नका. कापडी पिशवीत घालून ती गळ्यात अडकवा किंवा परकराच्या नाडीला बांधा, आणि कूस बदलताना नळी ओढली जात नाही ना ते बघा. डब्यात अचानक लालभडक रक्त भरू लागलं, पू दिसला, नळी निसटली किंवा जखमेभोवती लाली आणि ताप आला तर फोन करा. पुढून उघडणारे दोन-तीन सुती गाऊन आधीच शिवून ठेवा. डोक्यावरून घालायचे कपडे काही आठवडे जमत नाहीत.

हाताबद्दल घरात दोन टोकं असतात. सासूबाई म्हणतात, 'हात अजिबात हलवू नकोस, टाके उसवतील.' आणि पंधरा दिवसांनी त्याच घरात ती कणीक मळताना दिसते. दोन्ही चुकीचं. मूठ उघडणं-मिटणं, कोपर वाकवणं, केस विंचरणं हे हलके व्यायाम लवकर सुरू होतात. भिंतीवर बोटांनी हळूहळू वर चढणं डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट सांगतील तेव्हा. ते केले नाहीत तर खांदा आखडतो, आणि नंतर शेक देताना, म्हणजे रेडिएशनच्या वेळी, हात डोक्यामागे नेऊन झोपावं लागतं तेव्हा त्याचे हाल होतात. मात्र पाण्याची कळशी, ओल्या चादरी पिळणं, कुकर उतरवणं, नातवंड कडेवर घेणं ही कामं पहिले काही आठवडे दुसऱ्याची.

काखेतल्या रसग्रंथी काढल्यावर तो हात कधी महिन्यांनी, कधी वर्षांनीही सुजू शकतो. म्हणून त्या हातात घट्ट बांगड्या आणि अंगठी नको. शस्त्रक्रियेआधीच काढून ठेवा; सौभाग्याचं लेणं म्हणून कुणाचं मन होत नसेल तर सगळ्या दुसऱ्या हातात घाला, त्याने काही बिघडत नाही. भाजी चिरताना, खुरपताना, भांडी घासताना हातमोजा घालावा, कारण साधं कापलं तरी तिथे जंतुसंसर्ग लवकर होतो. इंजेक्शन आणि रक्तदाबाची पट्टी शक्यतो दुसऱ्या हाताला लावायला सांगतात. गावातल्या दवाखान्यात हे कुणाला माहीत असेलच असं नाही, तेव्हा सोबत असलेल्याने तोंड उघडायचं. हात लाल, गरम झाला आणि फुगला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

पट्टी पहिल्यांदा सोडताना खोलीत कोण असावं हे तिला विचारा. काहींना नवरा हवा असतो, काहींना बहीण, काहींना कुणीच नको असतं. नवऱ्याने ती जखम कधीतरी बघायची आहेच. तेव्हा काय बोलायचं याची फार तयारी करू नये. नजर चुकवली नाही तरी पुष्कळ. कपड्यांखाली घालायची मऊ कापसाची वक्षपट्टी सुरुवातीला चालते, जखम पूर्ण भरल्यावर सिलिकॉनची मिळते.

केमोचे दिवस

आता सगळ्यांत महत्त्वाचं. डिजिटल थर्मामीटर घ्या, तीनशे रुपयांच्या आत येतो, आणि तो वापरायला घरातल्या किमान दोघांनी शिका. केमोनंतर पांढऱ्या पेशी घटतात, साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत त्या सर्वांत कमी असतात. या काळात १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप एकदा जरी दिसला तरी रुग्णालय गाठायचं. रात्रीचे दोन वाजले असले तरी. क्रोसिन देऊन 'सकाळी बघू' म्हणणं इथे जिवावर बेतू शकतं. गोळीने आकडा खाली येतो आणि जंतू आत वाढत राहतात. थंडी वाजून आली, बाई गळून गेली, वेगळंच बोलू लागली, तर थर्मामीटर काही दाखवत नसला तरी जा. जवळच्या कुठल्या दवाखान्यात रात्री भरती करून घेतात याची चौकशी आधी करा, आणि शक्य असेल तर तिथल्या डॉक्टरांना एकदा भेटून या. दारापाशी एक पिशवी तयार ठेवा, तिच्यात फाईलच्या झेरॉक्स, केमोच्या औषधांची नावं आणि शेवटच्या केमोची तारीख. आत शिरताच पहिलं वाक्य हेच: 'केमो चालू आहे, अमुक तारखेला झाली, ताप आलाय.' रांगेत बसू नका.

केमोचा पहिला-दुसरा दिवस कित्येकदा बरा जातो. सोबत दिलेल्या स्टेरॉइडमुळे बाई बोलते, झोप येत नाही, कपाट आवरायला घेते. घरचे म्हणतात, 'हिला काहीच झालं नाही.' मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती कोसळते, उठवत नाही, अन्नाचा वास सहन होत नाही. पहिल्या केमोला कुठल्या दिवशी काय झालं ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. दुसऱ्या वेळी साधारण तसंच होतं, मग बहिणीला माहेरून कधी बोलवायचं आणि नवऱ्याने रजा कधी घ्यायची ते ठरवता येतं. केमोच्या दिवशी रजा घेऊन चौथ्या दिवशी कामावर जाणारे नवरे मी पुष्कळ पाहिले आहेत. रुग्णालयात सोडायला कुणीही चालतं. चौथ्या दिवशी घरात माणूस लागतं.

सलाइन चालू असताना हातात आग झाली, दुखलं, सूज दिसली तर लगेच नर्सला हाक मारा. काही औषधं शिरेबाहेर गेली तर कातडी जळते. लाल रंगाचं औषध चढवलं असेल तर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नसतं. पहिले ४८ तास तिची लघवी, उलटी साफ करताना हातमोजे घाला, संडासात दोनदा पाणी सोडा, आणि घरात गरोदर सून असेल तर तिला हे काम देऊ नका. बाकी एकत्र जेवणं, शेजारी झोपणं, नातवंडाला जवळ घेणं सगळं चालतं. वेगळं ताट-वाटी ठेवणारी घरं अजून आहेत, आणि ती वाटी बाईच्या मनातून वर्षानुवर्षं जात नाही.

पेशी वाढवायचं इंजेक्शन लिहून दिलं असेल तर ते फ्रीजमध्ये ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात नाही, आणि प्रवासात आइसपॅकसोबत न्यायचं. ते टोचायला गावात कोण येणार हे केमोच्या आधी ठरवा. नंतर कंबर-पाय ठणकतात. घाबरू नका, डॉक्टरांना विचारून वेदनेची गोळी द्या. काही औषधांनी बोटांना मुंग्या येतात, तेव्हा गरम भांडी उचलणं आणि अनवाणी चालणं नको. उलटीच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, त्याची औषधं मागून घ्या. तोंड आलं तर पाण्यात मीठ आणि खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या, आणि मऊ ब्रश.

खाण्याबद्दल प्रत्येक नातेवाइकाकडे एक शास्त्र असतं. साखर बंद, दूध बंद, गव्हांकुराचा रस, गोमूत्र. या काळात वजन उतरणं हा मोठा शत्रू आहे, उपास घडवू नका. फोडणीचा वास सहन होत नसेल तर ती आत असताना स्वयंपाकघराचं दार लावा आणि अन्न कोमट झाल्यावर द्या. मऊ भात-मेतकूट, मुगाची खिचडी, नाचणीचं सत्त्व, वरण, पूर्ण उकडलेलं अंडं, चालत असेल तर मासा. थोडं थोडं, पाच-सहा वेळा, आणि ताट आपटून 'खा गं' म्हणून मागे लागू नये. पाणी उकळून गार केलेलं. कच्ची कोशिंबीर, गाडीवरचा उसाचा रस, पाणीपुरी, कापून ठेवलेली फळं, देवळातून हातोहात आलेला प्रसाद हे सगळं तूर्त नको. प्रसाद नाकारायचा नसेल तर घरच्या दुसऱ्या कुणी खावा. आयुर्वेदिक, होमिओपॅथी किंवा 'फक्त काढा' काहीही सुरू करण्याआधी केमोच्या डॉक्टरांना सांगा. गुळवेल निरुपद्रवी वाटते, पण कोविडच्या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी ती घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या होत्या, आणि केमोच्या वेळी यकृतावर आधीच ताण असतो.

केस साधारण दोन-तीन आठवड्यांत जातात. उशीवर पुंजके दिसण्याआधी ते बारीक कापून घेतले तर धक्का थोडा कमी बसतो, निर्णय तिचा. आपल्याकडे याला एक जुना काच आहे. केस नसलेली बाई म्हटलं की वयस्कर माणसांना केशवपन आठवतं, आणि कपाळाला कुंकू असलेल्या बोडक्या डोक्याकडे बघून कुणीतरी चुकचुकतंच. 'बाई, कसं दिसतंय हे!' असं म्हणणाऱ्याला दारातच गप्प करायला घरातलं कुणीतरी लागतं. हळदीकुंकवाला बोलावणं आलं तर जायचं की नाही हे तिला ठरवू द्या, तुम्ही परस्पर नाही म्हणू नका.

बघायला येणारे

आजारी माणसाला बघायला जाणं हा आपल्याकडे मान असतो, म्हणून हे अवघड जातं. सर्दी-खोकला असलेल्यांना येऊ देऊ नका. बाकीच्यांना पंधरा मिनिटं. पलंगावर बसू नये, आणि कुणाची मामी याच आजाराने कशी गेली ते सांगू नये. हे सांगायचा वाईटपणा घ्यायला एक माणूस ठेवा. माझ्या अनुभवात नणंद हे काम उत्तम करते. मदत करायची तर भाकऱ्या थापून आणाव्यात, मुलांना घेऊन जावं, रेशन आणून द्यावं. चहा करायला लावणारे पाहुणे आले तर चहा त्यांनीच करावा, असं म्हणायला लाजू नका.

शेक, गोळ्या आणि पुढचं

शेक आठवड्याचे पाच दिवस असतो. बऱ्याच ठिकाणी आता पंधरा बैठकांत, तीन आठवड्यांत संपतो. एकेक बैठक थोड्या मिनिटांची, त्रास रोजच्या येण्या-जाण्याचा. कातडीवर काढलेल्या खुणा पुसू नका, तिथे पावडर, अत्तर, घरगुती लेप नको, सैल सुती कपडे घाला. बाहेरून शेक घेतलेल्या बाईच्या अंगातून किरण निघत नाहीत, बाळ खुशाल मांडीवर द्या.

मग, गाठ स्त्रीसंप्रेरकांवर वाढणारी असेल तर, गोळी येते, पाच ते दहा वर्षं रोज घ्यायची. इथे घर ढिलं पडतं. केस आले, ती कामाला लागली, सगळे म्हणतात बरी झाली. गोळीने मात्र तिला अंगातून वाफा येतात, सांधे धरतात, चिडचिड होते, आणि तेव्हा 'आता काय झालं तुला?' असं ऐकावं लागतं. टॅमॉक्सिफेन चालू असताना पाळी बंद झालेल्या बाईला रक्तस्राव दिसला तर डॉक्टरांना सांगायचं. आजार घराण्यात अनेकींना झाला असेल, किंवा तिला फार लहान वयात झाला असेल, तर बहिणी-मुलींनी जनुकीय सल्ला घ्यावा. शंभरातल्या पाच-दहा रुग्णांत तो आनुवंशिक असतो.

आजार हाडांत, फुप्फुसांत पसरलेला असेल तर दुखणं थांबवणाऱ्या, म्हणजे पॅलिएटिव्ह विभागात लवकर जा. तिथे पाठवलं म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले असं समजू नका. उपचार चालू असतानाच तिथली मदत घेता येते, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनच्या गोळ्यांनी बाई रात्री झोपू शकते.

करणाऱ्यांनी स्वतःच्या रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या चुकवू नयेत. रात्रीची सोबत आलटून पालटून करावी. तिच्यावर राग येईल, तोही मोकळा करायला घराबाहेरचं एखादं माणूस असावं. आणि उपचार संपल्यावर ती फाईल माळ्यावर टाकू नका. लाल औषध एकूण किती मात्रेत दिलं गेलं याला आयुष्यभराची मर्यादा असते, हृदयावर परिणाम करणारी औषधं झाली असतील तर पुढे कुठलाही डॉक्टर टू-डी इकोचे जुने रिपोर्ट मागेल, आणि शेक कुठल्या बाजूला, किती दिला तेही विचारेल. दर काही महिन्यांनी तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी असते, त्या तारखा नवऱ्याच्या फोनमध्येही टाकलेल्या असाव्यात.